खात सुटलेल्यांची सबटायटलं

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'वुल्फ डाउन' काढून बघा. मग 'गॉबल अप' बघा, 'स्कार्फ डाउन' बघा, 'पिग आउट' बघा. थोड्याफार फरकानं सगळीकडे एकच उत्तर मिळतं: अधाशीपणे खाणे, हावरटासारखे खाणे. कोशाचं यात काही चुकत नाही. त्याला जागा थोडी, शब्द लाखभर; त्यानं अर्थ सांगितला, काम झालं. माझं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं.

मी सबटायटलं लिहिते. पुण्यात घरीच बसून, कानाला हेडफोन लावून, इंग्रजी मालिकांना आणि कार्यक्रमांना मराठी ओळी देते. या धंद्यात कुणाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नसतो. कुणाकडे कोर्टकचेऱ्या जातात, कुणाकडे भुतंखेतं. माझ्याकडे पहिल्यापासून खाण्याचे कार्यक्रम आले आणि ते जे चिकटले ते चिकटलेच. स्वयंपाकाच्या स्पर्धा, गावोगाव फिरून टपऱ्यांवर चरणारे निवेदक, अवाढव्य बर्गर एका बैठकीत संपवायच्या पैजा. बघताना मौज वाटते. लिहायला बसलं की समजतं, की माणसं जितकी खातात त्याहून जास्त खाण्याबद्दल बोलतात.

बाहेरच्यांना वाटतं, सबटायटल म्हणजे भाषांतर. ते आहेच, पण मोजूनमापून. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, ओळी दोनच, आणि कितीही झालं तरी सातेक सेकंदांत मजकूर पडद्यावरून जायला हवा. प्रेक्षक वाचणार, चित्रही बघणार, वर शेजारच्याशी बोलणार. तिथे 'तो अधाशीपणे बर्गर खात आहे' असं लिहिलं तर अर्धी ओळ फुकट गेली. तो अधाशीपणे खातोय हे दिसतंच आहे की! हनुवटीवरून सॉस ओघळतोय. चित्र जे दाखवतं ते मी पुन्हा सांगायचं नसतं. चित्रात जे नसतं ते म्हणजे बोलणाऱ्याचा सूर. तो कौतुक करतोय, चिडवतोय, की नाक मुरडतोय? इंग्रजीत हे सगळं त्या दोन-दोन शब्दांच्या क्रियापदांत ठासून भरलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी कच्चा मसुदा यंत्राकडून करून घ्यायची टूम निघाली. तेव्हाच्या मसुद्यांत माणसं बर्गरला 'खाली लांडगा' करत आणि सुट्टीच्या दिवशी 'डुक्कर बाहेर' जात. 'स्कार्फ डाउन' असेल तिथे कुणीतरी गळ्यातला स्कार्फ काढून ठेवी. आता यंत्रं सुधारली. आता ती न चुकता 'अधाशीपणे खाल्ले' लिहितात, आणि मला त्या जुन्या लांडग्या-डुकरांची आठवण येते. निदान काहीतरी बिघडलंय हे लगेच कळायचं तरी. (हा स्कार्फ गळ्यातला नव्हे. ब्रिटिश लोक हादडण्याला 'स्कॉफ' म्हणतात, त्याचंच हे अमेरिकी रूप असं कोशकार मानतात.)

मुळात 'वुल्फ डाउन'मध्ये हाव असलीच पाहिजे असं नाही. त्यात वेग असतो. भूक असते, नाहीतर घाई. एका ब्रिटिश गुन्हेगारी मालिकेतली इन्स्पेक्टर बाई रात्रभर मोटारीत पाळत ठेवून बसलेली. सहकारी सँडविच आणून देतो, तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडतं, आणि ती हातातलं सँडविच 'वुल्फ डाउन' करून गाडी सुरू करते. तिला अधाशी म्हणायचं? बिचारीनं सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही. मराठीत अशा वेळी आपण म्हणतो, कसंबसं पोटात ढकललं. उभ्या उभ्या चार घास घशाखाली उतरवले. लोकल पकडणाऱ्या, शाळेची घंटा गाठणाऱ्या, तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांचं हे रोजचंच जेवण आहे, आणि त्यात हावरटपणा औषधालाही नाही. इंग्रजीला एवढ्यासाठीही लांडगाच पुरतो. लांडगा या अर्थानं क्रियापद म्हणून तिथे एकोणिसाव्या शतकात रुळला. 'डाउन'नं त्याला घशाची वाट दाखवली.

खरा लांडगा तरी अधाशी म्हणून खातो का? वन्यजीवांवरचा एक माहितीपट माझ्याकडे आला होता, तेव्हा त्यापायी बरंच वाचावं लागलं. लांडगा एका खेपेला आठ-नऊ किलो मांस पोटात घालू शकतो, आणि चावत बसत नाही, लचके तोडून तसेच गिळतो. कळपातले बाकीचे टपलेले असतात. शिवाय गुहेत पिल्लं असतात. पोटात भरून नेलेलं त्यांच्यापुढे ओकून टाकायचं, हा त्यांचा डबा. म्हणजे भरभर गिळलेल्यातला काही माल घरच्यांसाठी चाललेला असतो. सोलापूरकडच्या माळरानांवर लांडगे आजही आहेत, आणि मेंढपाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी झुंजण्यात गेल्या. तरी मराठीनं जेवणाऱ्याला लांडगा केलेलं मला कुठे आढळलं नाही. लांडगे तुटून पडतात, लचके तोडतात, पण ते भांडणात, इस्टेटीत, राजकारणात. ताटावर बसलेल्या माणसाला आपण विचारतो, 'मागे वाघ लागलाय का?' जनावर आलं, पण ते जेवत नाही, जेवणाऱ्याच्या पाठीमागे उभं आहे. एका अमेरिकी कौटुंबिक मालिकेत आई मुलाला म्हणते, केवढ्या झटक्यात 'वुल्फ डाउन' केलंस रे! तिथे मी क्रियापद सोडूनच दिलं आणि लिहिलं: 'सावकाश! मागे वाघ लागलाय का?' आईचा सूर, मुलाचा वेग, सगळं एका ओळीत बसलं आणि अक्षरं शिल्लक राहिली.

या कामात सगळ्यात जास्त मजा आली ती हॉट डॉगच्या स्पर्धेवरच्या एका माहितीपटाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर दर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेथन्स या हॉट डॉगवाल्यांच्या दुकानापुढे ती भरते. ही परंपरा १९१६ पासूनची, चार स्थलांतरितांत कोण जास्त देशभक्त यावरून पैज लागली आणि ती हॉट डॉग खाऊन सोडवली गेली, अशी कथा वर्षानुवर्षं छापून येत होती. पुढे २०१० मध्ये मॉर्टिमर मॅट्झ नावाच्या जुन्या प्रसिद्धीवाल्यानं कबूल केलं, की ती आम्हीच रचली होती. मला ही कबुली स्पर्धेपेक्षा आवडली. आपल्याकडे देवळांच्या बाबतीत असं कुणी कबूल करत नाही.

२००१ साली तिथे ताकेरू कोबायाशी हा सडपातळ जपानी तरुण आला. तोवरचा विक्रम पंचवीस हॉट डॉगच्या आसपास होता. यानं १२ मिनिटांत ५० संपवले. धष्टपुष्ट अमेरिकी गडी तोंडात घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. त्याची रीत साधी होती. सॉसेज पावातून काढायचं, मधोमध मोडायचं, दोन्ही तुकडे एकदम तोंडात. पाव पाण्यात बुचकळून, पिळून, मागोमाग आत. शरीराला मधूनच एक हिसका द्यायचा, म्हणजे आतलं खाली बसतं. त्यानं सलग सहा वर्षं स्पर्धा जिंकली. २००७ मध्ये जोई चेस्टनटनं त्याला ६६ विरुद्ध ६३ असं हरवलं. पुढे वेळ १० मिनिटांवर आला, आणि २०२१ मध्ये चेस्टनटनं त्या दहा मिनिटांत ७६ संपवले. म्हणजे एका हॉट डॉगला आठ सेकंदही नाहीत. माझ्या दोन ओळी पडद्यावर राहतात साधारण तेवढाच वेळ. त्यांचं एक पाव-सॉसेज, माझं एक सबटायटल, असं आम्ही बरोबरीनं चाललो होतो.

आता हे जे चाललंय त्याला मराठीत म्हणायचं काय? जिभेवर पहिला शब्द येतो 'ओरपणे', आणि तो तिथेच मरतो. ओरपायला पातळ काहीतरी लागतं: आमटी, रस्सा, कढी, ताक. 'हादडणे' चालतं, पण हादडणारा मजेत असतो. हा मजेत नव्हता, हा कामावर होता. 'चेपणे' आणि 'हाणणे' कोल्हापूर-साताऱ्याकडचे, त्यांत दोस्तांची संगत आणि मटणाचा वास आहे. 'ताव मारणे'मध्ये पदार्थाबद्दल प्रेम लागतं. 'आडवा हात मारणे' म्हणजे तर तृप्तीच. पाण्यात भिजवलेला लिबलिबीत पाव गिळणाऱ्या माणसाबद्दल हा वाक्प्रचार वापरणं हा आपल्या पंगतींचा अपमान झाला असता. मला जे हवं होतं ते यंत्रासारखं, बेचव, नुसतं आत जाणारं. शेवटी 'कोंबणे' आणि 'गिळणे' यांच्यावर मी बहुतेक माहितीपट काढला. कोबायाशीच्या हातांची हालचाल बघितली तर 'कोंबणे'च. दोन बोटांनी दाबून, आतल्या घासाच्या मागे पुढचा.

त्या जगाची स्वतःची परिभाषाही आहे. शेवटचे काही सेकंद उरले की खेळाडू गालात मावेल तेवढं भरून घेतात, कारण वेळ संपताना तोंडात असलेला घास नंतर गिळला तर धरला जातो. याला ते 'चिपमंकिंग' म्हणतात. चिपमंक ही तिकडची खारीसारखी, गालात दाणे साठवणारी जात. मराठीत हा शब्द करायला बसावंच लागलं नाही. बकाणा! घरोघरी पोरांना 'बकाणे भरू नकोस' म्हणून रागावतात तोच. आणि पानवाल्यांचा, तंबाखूवाल्यांचा 'तोबरा' वेगळा. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. त्यामुळे पान खाऊन बोलायला गेलेला माणूस तोबऱ्याचा, आणि हॉट डॉगवाला बकाण्याचा, अशी मी वाटणी केली.

दुसरा शब्द त्याहून नाजूक. स्पर्धेत कुणी ओकला तर तो बाद होतो, पण निवेदक 'ओकला' म्हणत नाहीत. म्हणतात, 'रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यून'. खाण्याचा जाहीर तमाशा मांडायचा आणि ऐन घटकेला इतकं सभ्य व्हायचं, यातच सगळा विनोद. मराठीत तो सरळ हातात आला: नशीब उलटलं. ज्याला कळायचं त्याला 'उलटी' ऐकू येते, ज्याला नाही त्याला नशीब. माझ्या कामात असे दिवस फार येत नाहीत, म्हणून सांगून टाकते.

आणि निवेदक! जॉर्ज शे हा गृहस्थ गवती हॅट घालून व्यासपीठावर उभा राहतो आणि एकेका खाणाऱ्याची ओळख अशी करून देतो, की जणू हा समुद्रमंथनातून वर आला आहे. शब्दांचा पाऊस, आवाजात कंप, आणि खाली टेबलावर हॉट डॉगच्या थाळ्या. नीट, प्रमाण, गुळगुळीत मराठीत हे लिहिलं तर निव्वळ बडबड वाटते. त्याला शाहिरी चढवायला हवी होती, नाहीतर भालदार-चोपदारांची ललकारी. तिथे मला भीम आठवला. त्याचं एक नाव वृकोदर. वृक म्हणजे लांडगा. ज्याच्या पोटात लांडगा आहे तो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख फुंकताना त्याला याच नावानं पुकारलंय. गंमत म्हणजे संस्कृतातला वृक आणि इंग्रजीतला वुल्फ ही मुळात एकाच शब्दाची पोरं आहेत, हे भाषाशास्त्र सांगतं. तिकडे तो क्रियापद होऊन सँडविचवर बसला, इकडे एका वीराच्या पोटात जाऊन राहिला. 'पाहा, वृकोदर रणात उतरला!' अशी ओळ मी टाकली. एरवीच्या कुठल्याही खाण्याच्या कार्यक्रमात ती हास्यास्पद झाली असती. शेच्या तोंडी ती शोभली, कारण तो माणूसच मुळी हास्यास्पद व्हायला उभा आहे.

आमच्याकडे प्रत्येक फाइल पुढे क्यूसीकडे जाते, म्हणजे तपासनिसाकडे. माझ्या फाइली बहुतेक ज्यांच्याकडे जातात त्या बाई लातूरच्या. आम्ही एकमेकींना 'ताई' म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर कडाकडा भांडतो. 'वृकोदर' त्यांनी एका अक्षरानंही न छेडता सोडला. त्यांचा आक्षेप आला तो 'गिळ' या दोन अक्षरांवर.

उत्तर इंग्लंडमधल्या कामगार वस्तीतली मालिका. मुलगा प्रेमभंगानं जेवत नाहीये. आई त्याच्यापुढे ताट आदळते आणि म्हणते, 'गेट दॅट डाउन यू'. तिकडच्या बोलीत हे अगदी घरगुती आहे, रागीट आणि मायेचं. मी लिहिलं: 'गिळ आता मुकाट्यानं.' ताईंची टिपणी आली, की मराठी आई इतकी उद्धट वाटता कामा नये, 'खाऊन घे' करा. मी फोनच लावला.

'ताई, तुमच्या आईनं तुम्हाला कधी गिळ म्हटलं नाही?'

'म्हटलंय की. रोज म्हणायची.'

'मग?'

'मग काय, आई म्हणायची. पडद्यावर लिहून आलं की ते सगळ्यांसमोर म्हटल्यासारखं होतं हो.'

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. 'गिळ' हा शब्द मुळात स्वयंपाकघराचा. ज्यानं रांधलं, वाढलं, वाट बघितली, त्यालाच तो वापरायचा हक्क. रात्री साडेदहाला उगवलेल्या मुलाला आई म्हणते, 'या, गिळायला या', आणि त्या 'या'मधला आदरार्थी टोमणा ज्याला लागायचा त्याला लागतो. हेच पाहुण्याला म्हटलं तर तो उठून जाईल. हॉट डॉगवाल्यांसाठी मी वापरलेलं 'गिळणे' आणि हे 'गिळ', धातू एकच, पण पहिलं बघ्याचं आणि दुसरं वाढणारीचं. मराठीत खाण्याच्या बहुतेक शब्दांचं असंच आहे. खाणारा किती आणि कसा खातोय यापेक्षा बोलणारा ताटाच्या कुठल्या बाजूला उभा आहे, हे आधी बघावं लागतं. वाढणारी म्हणते 'घे अजून थोडं, काहीच खाल्लं नाहीस'. ताट धुणारी म्हणते 'चाटूनपुसून साफ केलं'. शेजारीण म्हणते 'दुष्काळातून आल्यासारखा जेवत होता'. आणि जेवणारा स्वतः म्हणतो, 'आज दाबून जेवलो.' जेवण तेच. शेवटी आम्ही 'गिळ' ठेवलं. पुढच्याच दृश्यात ती आई त्याच ताटातलं उरलेलं खाते, तिथे संवाद काही नाही, आणि 'खाऊन घे' म्हणणाऱ्या आईला ते दृश्य शोभलं नसतं.

'पिग आउट'च्या बाबतीत ही बाजू-बाजूची गोष्ट इंग्रजीतही स्पष्ट दिसते. हा १९७० च्या दशकातला अमेरिकी बोलीतला शब्द. एखादी मैत्रीण फोनवर सांगते, काल रात्री आम्ही पिझ्झ्यावर 'पिग आउट' केलं. ती स्वतःला हसते आहे, थोडी लाजतेही आहे, कारण सोमवारपासून डाएट सुरू करायचंय. पण हेच दुसऱ्याला म्हटलं, 'काय, काल पिग आउट केलंस वाटतं', की मैत्री धोक्यात. स्वतःला डुक्कर म्हणवून घ्यायची मुभा, दुसऱ्याला म्हणायची नाही. मराठीत स्वतःलाही नाही. आपल्याकडे डुक्कर म्हणजे शिवीच, तिला विनोदाचा काठ नाही. म्हणून प्राणी बाजूला ठेवून मी त्या 'आउट'कडे बघते. बांध फुटला, आता आवर नाही, असं काहीतरी त्यात आहे. आणि त्यासाठी मराठीत चांगला पर्याय आहे: 'खात सुटणे'. परीक्षा संपली आणि पोरं खात सुटली. भांडण झालं आणि ती आइस्क्रीम खात सुटली. 'सुटणे'त दावं तोडल्याचा भाव आपोआप येतो, कुणाला दुखवत नाही, आणि मोजून पाच अक्षरांत मावतो. या क्रियापदावर माझा जरा जास्तच जीव आहे हे ताईंनी एकदा दाखवून दिलं. एका भागात तीनदा आलं होतं. तीनही जागी ते बसत होतं हेही खरं.

माझा भाचा बारावीला आहे. त्याला परीक्षेसाठी ही क्रियापदं पाठ करायची असतात, आणि आत्या दिवसभर याच धंद्यात असल्यामुळे तो माझ्याकडे येतो. 'वुल्फ इट डाउन' बरोबर, 'वुल्फ डाउन इट' चूक. 'पिग आउट'पुढे पदार्थ हवा तर 'ऑन' लागतो. एवढं सांगितलं की त्याचे गुण वसूल. मग तो विचारतो की हे डाउन, अप, आउट, ऑफ, अवे सगळं लक्षात कसं ठेवायचं. मी त्याला म्हणते, अरे, तू दिवसभर हेच करतोस. खाऊन टाकलं, खाऊन घेतलं, खाऊन बसला, खाऊन गेला, खाऊन पाहिलं. खाणं एकच, पण शेपटी बदलली की गोष्ट बदलते. बहिणीच्या वाटणीचा लाडू तू 'खाऊन घेतलास' की 'खाऊन टाकलास' यावर घरात रात्री किती आवाज चढेल ते ठरतं. हे त्याला पटकन कळलं, कारण लाडवाचं प्रकरण खरं होतं. 'पुट अवे' मात्र त्याला आवडत नाही. एखाद्याच्या खाण्याच्या मापाचं आश्चर्य वाटून म्हणतात, की हा किती 'पुट अवे' करतो! जणू फडताळात रचून ठेवतोय. मी तिथे सरळ लिहिते, 'कुठे ठेवतो हा एवढं?' आणि पुढे जाते.

जिथे अक्षरशः काहीच जुळत नाही, तिथेच कधी कधी सगळ्यात सोपं जातं. ब्रिटिश यजमान पाहुण्यांना म्हणतो, 'टक इन'. म्हणजे चला, हात चालवा, लाजू नका. शाळकरी मुलांच्या खाऊला तिकडे 'टक' म्हणतात, शाळेतल्या खाऊच्या दुकानाला 'टक शॉप'. घसट असलेला, मोकळा शब्द आहे. एका जुन्या काळातल्या मालिकेत, मोठ्या हवेलीतल्या जेवणाच्या टेबलावर म्हातारा उमराव हे म्हणतो, आणि सगळे काटे-चमचे उचलतात. मी बराच वेळ 'सुरू करा', 'हं, होऊ द्या', 'घ्या, घ्या' असं करत होते. मग लिहिलं: 'सावकाश होऊ द्या.' पंगतीत यजमान हात जोडून म्हणतो तेच. शब्दांकडे बघितलं तर उलटं आहे. तो म्हणतोय तुटून पडा, आपण म्हणतोय सावकाश. पण दोन्हींचा परिणाम एकच: लोक जेवायला लागतात. ताईंनी त्यावर नुसता अंगठा पाठवला.

सध्या माझ्याकडे कोरियातल्या 'मुकबांग'वरची मालिका आहे. कॅमेऱ्यापुढे बसून खायचं आणि लोकांनी ते बघायचं, हा प्रकार तिथे साधारण २०१० च्या सुमारास फोफावला. माझ्याकडे ती इंग्रजीतून येते, आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीची सबटायटलंही मलाच करायची आहेत. त्यांत संवादांबरोबर आवाजही लिहावे लागतात. आता या कार्यक्रमात संवाद जवळजवळ नाहीतच. बाई येते, नमस्कार करते आणि अर्धा तास खाते. इंग्रजी फाइलमध्ये त्या अर्ध्या तासाला कंसात दोन-तीनच शब्द आलटूनपालटून आहेत: चावण्याचा आवाज, सुरकण्याचा आवाज, पुन्हा चावण्याचा आवाज.

मराठीत मी हात सैल सोडलाय. तळलेल्या कोंबडीला 'कुरुमकुरुम', किमचीला 'करकर', भाताच्या चिकट वड्यांना 'मचमच', रश्श्याला 'भुरका'. काल फाइल तपासून ताईंचा निरोप आला: 'नूडल्सला भुरका नाही चालणार. भुरका वाटीला तोंड लावून मारतात. हिनं नूडल्स वर ओढल्यात. सुर्रर्र करा.' मी दृश्य मागे घेऊन चार वेळा ऐकलं. नूडल्स सुर्रर्र आहेत, पण शेवटी ती बाई वाडगा दोन्ही हातांनी उचलते आणि खालचा रस्सा पिते. तिथे भुरकाच आहे. तेवढा मी ठेवणार आहे.